तबकडीऐवजी लॅपटॉपवर डीजे सेट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात लग्नांना, गॅदरिंगला, हॉटेलातल्या पार्ट्यांना वाजवणारी नवी पोरंपोरी आणि त्यांच्याकडून काम करून घेणारे यजमान पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. विषय आहे दोन गाणी एकमेकांत मिसळून माणसं नाचती ठेवण्याचा. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींचा प्रश्न वेगळा, त्यातला लागू पडणारा भाग आवाजाच्या नियमांत येईल.

लॅपटॉपवर सेट वाजवतात म्हणजे नेमकं काय करतात?

सॉफ्टवेअरमध्ये दोन किंवा चार डेक, म्हणजे गाणं लावायच्या जागा, असतात. एका डेकवरचं गाणं लोक ऐकत असतात, तेवढ्यात दुसऱ्या डेकवरचं तुम्ही हेडफोनमध्ये ऐकून तयार ठेवता. वेळ आली की दोन्ही थोडा वेळ एकत्र चालतात आणि पहिलं निघून जातं. हे माउसनेही करता येतं, पण हाताला वेग येत नाही. म्हणून लॅपटॉपला जोडायचा कंट्रोलर असतो: दोन्ही बाजूंना गाणं हाताने पुढेमागे करायची चाकं (जॉग व्हील), मध्ये दोन आवाज मिसळणारा मिक्सर, आवाज चढवा-उतरवायच्या सरकपट्ट्या (फेडर), बेस आणि वरचे सूर वेगवेगळे कमीजास्त करणारे ईक्यूचे नॉब, खाली दाबायचे पॅड.

बहुतेक कंट्रोलरच्या पोटात साउंड कार्ड असतं आणि सगळा खेळ त्याच्यावर आहे. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून एकच आवाज बाहेर पडतो. आपल्याला दोन वेगळे लागतात, एक स्पीकरला आणि एक आपल्या कानाला. पुढचं गाणं आधी ऐकायची सोय नसेल तर ते मिक्सिंग नाही, यादी लावून बसणं आहे.

"नुसतं बटण दाबालाय की, ह्यात तुझं काय हाय बे?" असं मित्र म्हणतात. काय सांगू?

त्याला एका हळदीला शेजारी उभं करा. संध्याकाळी सात वाजता मांडवात आजीबाई आहेत, लहान पोरं आहेत, नवरदेवाचे मित्र अजून यायचेत. पूर्व भागातलं लग्न असेल तर निम्मे पाहुणे तेलुगू गाण्याची वाट बघत असतात. अक्कलकोटकडचे पाहुणे असतील तर कन्नड गाणं मागतात. मामा येऊन जुनं मराठी लोकगीत सांगून जातात. यातलं कुठलं गाणं आत्ता, कुठलं अर्ध्या तासाने, आणि एकातून दुसऱ्यात जाताना नाचणाऱ्याचा पाय कसा थांबू द्यायचा नाही, हे यंत्र ठरवत नाही. गाणं त्याच्या ओळीच्या शेवटी सोडायचं असतं, मधेच तोडायचं नसतं. दोन गाण्यांचे बेस एकावर एक आले की नुसता गडगडाट होतो, म्हणून एकाचा बेस उतरवत दुसऱ्याचा चढवायचा असतो. तबकडीवाल्यालाही हेच करावं लागायचं.

ज्याचा कान तयार नाही त्याला महागातला महाग लॅपटॉप वाचवत नाही. हे मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगतो.

तबकडीवर लोक कसं करायचे, आणि त्यात बदल कधी झाला?

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी कूल हर्क या तरुणाने आपल्या बहिणीने ठेवलेल्या पार्टीत गाणी वाजवली. हिप-हॉपची सुरुवात त्या पार्टीपासून मानतात. लोक गाण्यातल्या ढोलाच्या तुकड्यावर सर्वांत जोरात नाचतात, हे त्याने हेरलं होतं. तो तुकडा लांबवायला तो एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घ्यायचा. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवरचा, तोवर पहिली मागे फिरवून ठेवायची. आज तुम्ही तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवणारं लूपचं बटण दाबता तेव्हा तेच काम होतं. म्हणून हे बटण कधी दाबायचं ते कळायला ती जुनी रीत माहीत असावी.

१९७२ साली टेक्निक्स कंपनीचं एसएल-१२०० हे टर्नटेबल आलं. त्यात पट्टा नव्हता, मोटार थेट तबकडी फिरवायची, त्यामुळे हाताने धरून सोडली की ती लगेच वेग पकडायची. १९७९च्या सुधारित मॉडेलमध्ये वेग कमीजास्त करायला सरकपट्टी आली, आणि आजच्या प्रत्येक कंट्रोलरवरचा पिच फेडर तिच्यावरूनच आला. २००० नंतरच्या चारपाच वर्षांत सगळं पालटलं. ट्रॅक्टर हे डीजे सॉफ्टवेअर आलं, टाइमकोड तबकडीवरून लॅपटॉपमधली गाणी वाजवणारं फायनल स्क्रॅच आलं, पायोनियरचा सीडीजे-१००० हा सीडी प्लेअर २००१ साली आला, आणि २००४ साली न्यूझीलंडच्या सेराटो कंपनीने रेन या कंपनीबरोबर तसंच काम करणारं स्क्रॅच लाइव्ह बाजारात आणलं.

वजनाचा फरकही कमी नाही. शंभर एलपी भरलेली पेटी वीस किलोच्या पुढे जाते, आणि तेवढ्यात एका रात्रीची सोय होते. लॅपटॉप दोन किलोचा.

टाइमकोड तबकडी काय असते?

दिसायला साधी तबकडी, पण तिच्यावर गाणं नसतं. एक सतत चालणारा सूर कोरलेला असतो. सुई तो सूर वाचते आणि साउंड कार्ड तो लॅपटॉपला देतं. सूर चढला म्हणजे तबकडी जोरात फिरते आहे, उतरला म्हणजे हळू. डाव्या आणि उजव्या वाहिनीतला सूर किंचित पुढेमागे ठेवलेला असतो, त्यावरून तबकडी पुढे चालली की मागे ते सॉफ्टवेअरला कळतं. सुई कुठल्या जागी आहे याची खूणही त्या सुरातच गुंफलेली असते. म्हणजे हाताखाली खरी तबकडी आणि आवाज मात्र लॅपटॉपमधल्या फाइलचा. स्क्रॅच करणाऱ्यांना, म्हणजे तबकडी हाताने पुढेमागे घासून आवाज काढणाऱ्यांना, याच्यासारखं सुख नाही. बाकीच्यांनी यात पैसे घालण्याआधी दोनदा विचार करावा: दोन टर्नटेबल, दोन सुया, मिक्सर, शिवाय टेबल जरा हललं की सुई उडते. लाकडी स्टेजवर वीस जण नाचत असताना टेबल हलणारच.

मग आधी तबकडीवर शिकून नंतर लॅपटॉपवर यावं का?

गरज नाही. आपल्याकडे जी गाणी मागतात त्यातली बहुतेक तबकडीवर निघालेलीच नाहीत. तबकडीवर शिकलेल्याकडून उचलण्यासारखी एकच सवय आहे, कानाने वेग जुळवण्याची, आणि ती कंट्रोलरवरही लागते. स्क्रीनवर दिसणाऱ्या गाण्याच्या लहरी कागदाने झाका आणि सरावाला बसा.

लॅपटॉप कसला घ्यावा?

एसएसडी असलेला, निदान ८ जीबी रॅमचा. गाण्यातून गायकाचा आवाज, ढोल, बेस वेगळे काढणारी स्टेम्सची सोय वापरायची असेल तर १६ जीबी घ्या, कारण ते काम प्रोसेसरला घाम फोडतं. विंडोज की मॅक या वादात पडू नका, दोन्हींवर जग वाजवतं. मॅक घेतला तर त्याची नवी आवृत्ती निघाल्याबरोबर टाकू नका, आधी तुमच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर तिच्यावर चालतो का बघा.

वाजवायच्या दिवशी वायफाय बंद, ब्लूटूथ बंद, विंडोजचं अपडेट थांबवलेलं, सूचनांचे आवाज बंद, पॉवर सेटिंग पूर्ण ताकदीवर. कंट्रोलर थेट लॅपटॉपच्या यूएसबीला जोडा, स्वस्त हबमधून नको.

सॉफ्टवेअर कोणतं?

सेराटो, रेकॉर्डबॉक्स, ट्रॅक्टर, व्हर्च्युअल डीजे. तुमच्या कंट्रोलरबरोबर जे मिळतं तेच आधी पूर्ण शिका. पैसे नसतील तर मिक्स नावाचं मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे (नावाच्या शेवटी तीन एक्स आहेत, शोधताना लक्षात ठेवा), आणि ते चांगलं आहे. चोरीची प्रत मात्र नको. ती ऐन वरातीत बंद पडली तर कुणाला विचारणार?

सिंकचं बटण वापरणं म्हणजे फसवणूक का?

नाही. ते दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळवतं, पण सोलापुरात वाजवायचं असेल तर नुसत्या सिंकवर भागत नाही.

सिंक काम करतं बीटग्रिडवर. सॉफ्टवेअर गाणं आधी तपासून त्याचे ठोके मोजतं आणि त्यावर सारख्या अंतराच्या रेघा मारतं. आजचं संगणकावर बनवलेलं गाणं असेल तर त्या रेघा शेवटपर्यंत बरोबर बसतात. पण हलगी, संबळ, ढोलकी हाताने वाजवून ध्वनिमुद्रित केलेलं जुनं गाणं घ्या. वाजवणारा माणूस आहे, रंगात आला की लय चढते. पहिल्या मिनिटाला १०४ बीपीएम (दर मिनिटाचे ठोके) असलेलं गाणं तिसऱ्या मिनिटाला १०९ वर गेलेलं असतं. सॉफ्टवेअर मात्र मधला एक आकडा धरून बसतं, आणि सिंक दाबलं की दोन गाणी एकमेकांना ठेचकाळत चालतात.

दुसरी अडचण तालाची. आपल्या नाचाच्या पुष्कळ गाण्यांत ठेका सहाचा असतो. चारच्या ठेक्यावर पोसलेलं सॉफ्टवेअर अशा गाण्याचा वेग कधी दीडपट सांगतं, कधी दोनतृतीयांश. खरा वेग १०० असताना १५० दाखवतं. साध्या गाण्यांतही दुप्पट-निमपटीचा घोळ होतोच, ७० चं १४० होतं.

उपाय तीन आहेत. पहिला, अशा गाण्यांचा ग्रिड घरी बसून हाताने दुरुस्त करा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये एकाच गाण्यात ठिकठिकाणी खुणा रोवून ग्रिड लवचीक करता येतो. वेळखाऊ काम आहे, पण एकदा केलं की कायमचं. दुसरा, अशा गाण्याला सिंक लावूच नका, जॉग व्हीलवर बोट ठेवून कानाने सांभाळा. तिसरा मला सर्वांत आवडतो: सहाच्या ठेक्यातून चारच्या ठेक्यात जाताना मिसळायचा अट्टहास सोडा. ओळ संपली, गाणं तोडलं, एक क्षण शांतता, आणि नव्या गाण्याची पहिली थाप. गर्दी ओरडते.

वेग बरोबर जुळवला तरी बाहेर ऐकताना ठोके पुढेमागे वाटतात. का?

तुम्ही लांबच्या स्पीकरवर भरवसा ठेवताय. आवाज हवेतून सेकंदाला साधारण साडेतीनशे मीटर जातो. लॉनवर मुख्य स्पीकर तुमच्यापासून वीस मीटरवर असतील, तर तो आवाज तुमच्या कानाशी सुमारे ६० मिलिसेकंद उशिरा येतो. १२० बीपीएमच्या गाण्यात दोन ठोक्यांमधलं अंतर ५०० मिलिसेकंद असतं, म्हणजे एवढा उशीर कानाला स्पष्ट कळतो. हेडफोनमधलं गाणं त्या उशिरा आलेल्या ठोक्याशी जुळवलंत की लोकांना ते चुकलेलंच ऐकू येणार. साउंडवाल्या दादांना सांगून टेबलाशेजारी एक छोटा मॉनिटर स्पीकर मागून घ्या. नाहीच मिळाला तर दोन्ही गाणी हेडफोनमध्येच ऐकून जुळवा.

लॅपटॉपचा स्वतःचा उशीर वेगळा. तो बफरवर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी किती आवाज साठवून पुढे देतो त्यावर, ठरतो. ४४,१०० हर्ट्झला ५१२ नमुन्यांचा बफर ठेवला तर सुमारे १२ मिलिसेकंद, १२८ ठेवला तर ३. बफर कमी तेवढा हात आणि आवाज जवळ येतात, पण प्रोसेसरवर ताण पडून कडकड ऐकू येते. नुसतं मिक्सिंग असेल तर ५१२ ठेवा आणि निर्धास्त राहा.

गाणी कुठून आणि कोणत्या दर्जाची घ्यावीत?

विकत घेतलेली, ३२० केबीपीएस एमपी३ किंवा त्याहून वरची. पाच मिनिटांचं असं गाणं १२ एमबीच्या आसपास भरतं, डब्ल्यूएव्ही असेल तर ५० एमबी. आजच्या डिस्कला हे काहीच नाही. व्हिडिओवरून उतरवलेलं गाणं मोबाइलवर बरं वाटतं, पण मोठ्या स्पीकरमधून झांजा आणि गायकाचा 'स' चिरका, पाण्यात बुडाल्यासारखा येतो. ते नंतर ३२० मध्ये बदलून काही होत नाही, गेलेला आवाज परत येत नाही.

इंटरनेटवरून थेट वाजवायची सोय बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे. शहराबाहेरच्या लॉनवर चारशे पाहुण्यांचे मोबाइल एकाच टॉवरवर असताना तिच्यावर विसंबू नका.

इतकी गाणी ऐनवेळी सापडत नाहीत. कशी लावून ठेवावीत?

या प्रश्नाला लोक सर्वांत कमी वेळ देतात आणि त्यामुळेच सर्वांत जास्त अडतात. सोलापूरच्या डीजेकडे मराठी, हिंदी, तेलुगू, कन्नड अशी चार भाषांची गाणी असतात, आणि फायलींची नावं ज्याने बनवली त्याच्या मर्जीची. हळदीचं गाणं कुणी 'हल्दी' लिहिलेलं असतं, कुणी 'हळद', कुणी नुसतं 'ट्रॅक ०७'. समोर वधूचे काका उभे असताना तीन प्रकारे शोधत बसायची वेळ येते.

म्हणून नावं एका पद्धतीने स्वतः लिहा, देवनागरीत लिहिली तरी चालतं. मग क्रेट, म्हणजे सॉफ्टवेअरमधले गाण्यांचे गट, करा, पण भाषेप्रमाणे नको, प्रसंगाप्रमाणे: पाहुणे जेवताना, हळद, संगीत, वरात निघताना, वरात दारात आल्यावर, शेवटची दहा मिनिटं. भाषा प्रत्येक गाण्याच्या टिप्पणीच्या रकान्यात टाका, म्हणजे 'वरात' क्रेटमध्ये 'तेलुगू' शोधलं की पाचसहा गाणी समोर येतात. आपल्याला भाषा येत नसेल तर त्या घरच्या एखाद्या मुलीला किंवा वहिनींना बसवून गाण्याचा अर्थ विचारून घ्या. विरहाचं गाणं वरातीत वाजलं तर ठेका कितीही चांगला असो, लोकांचे चेहरे उतरतात.

प्रत्येक गाण्यावर निदान दोन हॉट क्यू, म्हणजे पॅड दाबताच थेट तिथे नेणाऱ्या खुणा, हव्यात: शब्द कुठे सुरू होतात, आणि बाहेर पडायला मोकळी जागा कुठे आहे.

एप्रिल-मेमध्ये लॅपटॉप अडखळतो. बिघडला का?

बहुधा तापला. सोलापुरात त्या दिवसांत पारा चाळिशी ओलांडतो आणि लग्नसराईही तेव्हाच. प्रोसेसर एका मर्यादेपलीकडे तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि आवाजात कडकड, मग खंड येतो. लॅपटॉप स्टँडवर उंच ठेवा. डेकोरेटर टेबलावर जाड कापड अंथरतात, त्यात खालच्या जाळ्या बुजतात, तेवढं कापड बाजूला सारा. उन्हात उभ्या गाडीत लॅपटॉप सोडू नका. स्टेजच्या दिव्यांचा झोत थेट त्याच्यावर येत असेल तर दिवेवाल्याला सांगून वळवून घ्या. वर्षातून एकदा आतली धूळ काढून घ्या, इथल्या धुळीत एका मोसमातच पंखा भरतो.

स्पीकरमधून सारखा 'घूं' येतो. चार्जर काढला की थांबतो.

ही अर्थिंगची अडचण. लॅपटॉप एका बोर्डावर, अँप्लिफायर दुसऱ्या बोर्डावर किंवा जनरेटरवर, आणि दोघांची अर्थ ऑडिओच्या वायरीतून एकमेकांना भिडते. सगळी यंत्रं एकाच जागच्या वीजजोडणीवर घ्या. कंट्रोलरला एक्सएलआर किंवा टीआरएस ही वायरीतली घरघर कमी करणारी आउटपुट असतील तर साध्या आरसीएऐवजी ती वापरा. तरी राहिलं तर दोघांची अर्थ वेगळी करायला मध्ये डीआय बॉक्स किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. चार्जरची तिसरी पिन मोडून आवाज घालवतात, तसं कधीही करू नका. ओल्या लॉनवर तीच पिन जीव वाचवते.

मिक्सरवर लाल दिवा लागला की आवाज वाढतो का?

आवाज फाटतो. प्रत्येक गाण्याचा गेन (मिक्सरमध्ये येणारा आवाज) आधी हिरव्यात लावा, मास्टरला (बाहेर जाणाऱ्या एकूण आवाजाला) जागा मोकळी ठेवा. अजून आवाज हवा असेल तर तो अँप्लिफायरकडून मागा.

मधेच लॅपटॉप बंद पडला तर?

दुसऱ्या चॅनेलवर मोबाइल किंवा छोटा प्लेअर कायम जोडलेला हवा, त्यात तासाभराचं तयार मिक्स. स्क्रीन थिजली की फेडर वर, मग शांतपणे लॅपटॉप पुन्हा चालू करा. शिवाय सगळी गाणी एका पेनड्राइव्हवर ठेवा. हॉटेलात प्लेअर लावलेले असतील तर एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह जवळजवळ सगळीकडे चालतो. वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर राहतो, पण वेगळ्या विजेवर चालणारा मिक्सर बंद पडतो, म्हणून त्याला छोटा यूपीएस लावा.

यजमान म्हणतात, तू सारखा स्क्रीनकडेच बघतोस.

यजमान बरोबर आहेत. लॅपटॉप समोर न ठेवता बाजूला, जरा खाली ठेवा. पुढची चारपाच गाणी आधीच काढून ठेवली की मान वर राहते. कोण नाचतंय, कोण पाणी प्यायला निघालं, हे बघणं तुमच्या कामाचाच भाग आहे.

रात्री किती वाजेपर्यंत आणि किती आवाजात वाजवता येतं?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सणासुदीसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागाची ६५ आणि ५५, शांतता क्षेत्राची ५० आणि ४०. दोन माणसांचं साधं बोलणंच ६० डेसिबलच्या आसपास असतं, यावरून अंदाज घ्या. रुग्णालयं, शाळा आणि न्यायालयांभोवतीचा निदान १०० मीटरचा भाग सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. ठरवाठरवीच्या वेळीच यजमानांना विचारा, ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी कोण काढणार?

मला स्वतःला या मर्यादा जाचक वाटत नाहीत. शेजारच्या घरात आजारी माणूस असतो, दहावीचा अभ्यास चालू असतो. बंदिस्त कार्यालयात, नाचायच्या जागेकडे तोंड केलेल्या चार बेताच्या स्पीकरवर उत्तम नाच होतो. भिंती हादरवायला लॅपटॉप आणि कान लागतच नाहीत, आणि आपलं काम तर त्या दोघांचं आहे.

गाणी वाजवायला परवाना लागतो का?

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(झेडए) मध्ये धार्मिक समारंभांना सूट आहे, आणि लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले सामाजिक सोहळे त्यात धरले आहेत. तिकीट लावून केलेला कार्यक्रम किंवा हॉटेलातली नववर्षाची पार्टी यात बसत नाही. तिथे ध्वनिमुद्रणाच्या आणि गीत-संगीताच्या हक्कधारकांकडून, म्हणजे पीपीएल, आयपीआरएससारख्या संस्थांकडून परवाना लागतो. तो आयोजकाने काढायचा, पण काढला आहे ना हे तुम्ही विचारायचं.

कानांना त्रास होईल का?

काळजी घेतली नाही तर होईल, आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. ८५ डेसिबलला आठ तास हा सुरक्षिततेचा रूढ हिशेब आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. संगीतकारांसाठीचे इअरप्लग मिळतात, ते सगळा आवाज सारखा खाली आणतात. हेडफोन एका कानावर ठेवा आणि जुळवणी झाली की त्याचा आवाज उतरवा.

घरी सराव कसा करू?

कंट्रोलर यायची वाट बघू नका. मोबाइलवर गाणं लावा आणि बोटांवर ठोके मोजा: चार, आठ, सोळा, बत्तीस. बत्तीसाव्या ठोक्याला गाण्यात काय बदलतं ते ऐका. ढोल येतो, कोरस येतो, काहीतरी निघून जातं. हे न मोजता कळायला लागलं की दोनच गाणी घ्या, एक आजचं हिंदी आणि एक हलगीवरचं मराठी, आणि सिंक बंद ठेवून एकातून दुसऱ्यात जायचे पाच वेगवेगळे रस्ते शोधा. प्रत्येक वेळी ध्वनिमुद्रण करा, ते सॉफ्टवेअरमध्येच होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऐका. मग ते घरातल्या नाचणाऱ्या माणसाला ऐकवा. गाणं बदलताना त्याचा पाय थांबला तर तो मिनिट-सेकंद लिहून ठेवा आणि संध्याकाळी तिथूनच सुरुवात करा.